वरचा विस्तव

धोंडिबा आणि त्याची लेक करुणा पेटलेल्या कडब्याच्या गंजीवर अठरावी की एकोणिसावी बादली ओतत होते, तेव्हा आभाळ उजळलं. हिरवट पांढरा गोळा डोंगराकडून आला, गायरानातला दगड न् दगड दिसेल एवढा उजेड करून देवगाव रंगारीच्या बाजूला फुटला. मागून गडगडाट आला.

रस्त्यावर तीस-पस्तीस माणसं उभी होती. आग लागल्यापासून उभीच होती. "वाऱ्याच्या अंगानं टाका," असे सल्ले मात्र येत होते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? बादलीला एकाचाही हात लागला नव्हता. आता सगळ्यांचे मोबाईल गंजीकडून आभाळाकडे वळले.

आधी भानावर आला तो गर्दीतला कारभारी. धोंडिबा वीस वर्षं या गायरानात ज्वारी पेरतो, हे त्याला खुपत होतं. 'जागा सोड, नायतर आम्ही सोडवू,' असं आठच दिवसांपूर्वी तो पारावर सगळ्यांदेखत बोलला होता.

"बघितलं ना समद्यांनी?" तो म्हणाला. "वरचा विस्तव पडला. देवाच्या करणीला माणूस काय करणार?"

माना हलल्या. धोंडिबाच्या बांधाला बांध असलेल्या कचरूचीही हलली. पोलीस पाटलाने मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून धोंडिबाचा जबाब लिहूनही टाकला, धोंडिबाला न विचारता: आकाशातून अग्नी पडून गंजी जळाली, कोणावर संशय नाही.

त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा करुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ते दिसलं तवा आम्ही विझवत होतो. तुमच्याच मोबाईलात असंल. दाखवा की कुणीतरी."

कुणी दाखवलं नाही. मोबाईल एकेक करून खिशात गेले.

"आज हे खपवलं, तर उद्या आमचं घरबी वरूनच पेटंल," ती म्हणाली. तिचा आवाज रागाने फाटला होता.

"पोरी, बापाला बोलू दे," पाटील म्हणाला. "धोंडिबा, अंगठा दे."

"सही येती मला."

धोंडिबाने काळे झालेले हात शर्टाला पुसले आणि पेन घेतलं. सहीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो वाकून लिहीत राहिला. पाटलाने कागद गाडीच्या दिव्यासमोर धरला. पाटलाच्या मजकुराखाली धोंडिबाच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत होतं: 'तारा तुटला तेव्हा गंजी निम्मी जळाली होती. आम्ही बापलेक पाणी टाकत होतो. बाकी सगळे बघत होते.'

"कागद वाया घालवलास," कारभारी दातओठ खात म्हणाला.

"मग दुसरा आणा," धोंडिबा म्हणाला. "त्याच्यावरबी हेच लिहितो."