वाकायला बंदी

थोरली जाऊ दारात दिसताच यमुनाबाईंनी कमरेचा पट्टा मुद्दाम पदराबाहेर काढला. "अक्का, मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबतेय. वाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर. पाया पडायचं राहिलं हो!"

अक्का वयानं दोन वर्षं लहान, पण थोरल्या दिराची बायको. चाळीस वर्षं तिच्यापुढं वाकल्यावर आज कुठं सुटका झाली होती.

"राहू दे गं," म्हणत अक्कांनी डबा उघडला. डिंकाचा एक लाडू निसटला आणि त्यांच्याच पायांशी जाऊन थांबला.

जमिनीवरचा लाडू यमुनाबाईंना कसा बघवणार? व्यायामवाल्या पोरीनं शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून त्या गुडघे दुमडून खाली बसल्या नि लाडू उचलला. "बघा, कंबर जराही वाकली नाही!"

"खरंच की!" अक्कांनी निऱ्या वर घेतल्या. "मग बसलीच आहेस, तर नमस्कारही उरकून घे."