व्हर्लीनचा सूर

"हा कागद वाच," जज लूथर टिसडेल म्हणाला. "मी या खटल्यातून बाजूला होतोय. शेजारच्या काऊंटीचा जज शिक्षा सुनावेल."

व्हर्लीनने कागदाला हात लावला नाही. तिच्या ओट्यावर मक्याचा पाव गार होत होता. लूथर पहिल्यांदाच त्या घरात काही न खाता बसला होता.

तीस वर्षं दोघं माउंट निबो चर्चच्या चौकडीत गॉस्पेल, म्हणजे चर्चची भजनं, गात होती. चौकडीला पियानो नव्हता. चार गळे, बस्स. आधी व्हर्लीन ओठ मिटून सूर द्यायची, मग लूथर तोंड उघडायचा. अंत्यविधीला मात्र ती सूर मुद्दाम खाली धरायची. रडलेल्या गळ्याला चढण चढवू नये, असं तिची आई सांगायची.

"तो जज शिक्षा कमी करेल?" व्हर्लीनने विचारलं.

"त्यालाही करता येणार नाही. तिसरा गुन्हा म्हणजे वीस वर्षं. कायदाच तसा आहे."

"कायदा कुणाचा?"

कायदा लूथरचाच होता. राज्याच्या सिनेटसाठी तो उभा राहिला, तेव्हा गावोगाव आधी चौघं गायची, मग तो बोलायचा. तिसऱ्यांदा चुकला त्याला दया नाही, आणि जजलाही दया दाखवायची मुभा नाही. लोक उठून टाळ्या वाजवायचे. तो निवडून आला, त्याने कायदा केला, पुढे जज झाला. आणि आता व्हर्लीनचा धाकटा, डेरेल, तिसऱ्यांदा सापडला होता. बंद पडलेल्या शाळेतले तांब्याचे पाईप उपटून नेताना. ज्यूरीने त्याला दोषी ठरवायला तासभरही घेतला नव्हता.

"टाळ्या मीपण वाजवल्या," व्हर्लीन म्हणाली. "एका हाताने मांडीवर. दुसऱ्या हातावर डेरेल झोपला होता."

"म्हणूनच म्हणतो, व्हर्लीन. माझ्याच्याने..."

"तुझ्याच्याने बघवणार नाही, एवढंच ना? त्यात माझ्या पोराचं काय भलं? परक्याच्या तोंडून ऐकायचं नाही मला. तू केलास, तूच वाच. त्याच्याकडे बघून वाच, जजसाहेब."

ती गयावया करेल असं त्याला वाटलं होतं. त्याचं उत्तर तो गाडीत घोकून आला होता. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

लूथरनेच शिक्षा सुनावायला दोन्ही वकिलांनी हरकत घेतली नाही. गुरुवारी सकाळी कोर्ट गच्च भरलं. चौकडीतले उरलेले दोघं मागे भिंतीला टेकून उभे होते. डेरेल समोर उभा होता. कुणाचा तरी कोट त्याला खांद्यात मोठा होत होता.

लूथरने चष्मा लावला. कागदावर चार ओळी होत्या. त्याने डेरेलकडे बघितलं आणि तोंड उघडलं. माईकशिवाय अख्खं चर्च भरून टाकणारा तो गळा. त्यातून काही आलं नाही. कारकुनाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. लूथर प्यायला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा नाही.

डेरेलशेजारी उभा असलेला पोलीस आपल्या बुटांकडे बघू लागला.

"काका," डेरेल हळूच म्हणाला, "उरका ना. आई कधीची उभी आहे."

लूथरने मान वर केली. तिसऱ्या बाकापाशी व्हर्लीन उभी होती. ताठ, हात पोटाशी धरून, चर्चमध्ये उभी राहायची तशी. तिने त्याच्याकडे बघितलं आणि ओठ मिटून सूर दिला.

खालचा.