बसऱ्यापासूनचं अंतर

खातूनबीच्या ओट्यावर त्या सकाळी नऊ बायका, चौदा घागरी, एक ट्रान्झिस्टर आणि शाळेतला एक नकाशासंग्रह होता. भरलेली घागर एकही नव्हती. टँकर यायचा होता, आणि त्याआधी इंग्रजी बातम्या व्हायच्या होत्या.

इंग्रजीत लढाईचं जास्त सांगतात, अशी खातूनबीची खात्री होती. उदगीरच्या त्या गल्लीत इंग्रजी कळणारी पंचशीला एकटीच. ती बी.एस्सी. झालेली होती आणि नव्या लातूर जिल्ह्यात रोजगार हमीच्या कामावर मजुरांनी खोदलेले खड्डे मोजायची हंगामी नोकरी करत होती. त्यामुळे इराण-इराकची लढाई रोज सकाळी तिच्याच कपाळी येई.

खातूनबीचा मुलगा खाजा बसऱ्याला वेल्डर होता. तो निघाला तेव्हा अख्खी गल्ली हार घेऊन स्टेशनवर गेली होती. त्याच्या त्या नोकरीच्या जोरावरच त्याच्या धाकट्या बहिणीची, वहिदाची, सोयरीक बिदरच्या चांगल्या घरात जमली होती. निकाह ईदनंतर होता.

बातम्या संपल्या. खातूनबीने रोजचा प्रश्न विचारला. "बसऱ्यापासून किती दूर हाय?"

पंचशीलाने नकाशावर पट्टी लावली. खरं तर लावायला जागाच नव्हती. तोफांचे गोळे बसऱ्याच्या वेशीवरच पडले होते.

"साठ किलोमीटर, खाला."

"परवा तर चाळीस म्हनलीस."

"मागं सरकलेत."

खातूनबी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग पदर डोळ्यांना लावून तिने अल्लाचे आभार मानले. शेजारची नागुबाई म्हणाली, ह्या पोरीलाच लढाईवर धाडा, फूटपट्टीनं हाणून मिटवून येईल. बायका हसल्या. पंचशीलाला हसू आलं नाही. मोजमापात ती कधी खोटं बोलली नव्हती. आता आठवडाभर रोज बोलत होती.

टँकर आला. जिचं लेकरू तोफेच्या तोंडी, तिच्या घागरी आधी भरायच्या, असा गल्लीचा नियम होता. तो सुचवला होता पंचशीलानेच. नकाशासंग्रह मिटून ती रांगेत शेवटी उभी राहिली आणि तिच्या वाट्याला अर्धी घागर आली, तीही गढूळ.

घरी तिच्या आईने, सरजाबाईने, घागरीत डोकावून पाहिलं. "आपलं कोन हाय गं तिकडं? लढाई त्यांची, पोरगं तिचं, आन् जेवन तू सोडून बसलीस."

पंचशीलाने गढूळ पाणी फडक्यातून गाळायला घेतलं. ट्रॅक्टरचा फटका वाजला तरी ती दचकायची. खाजाने तिला लहानपणी सायकल शिकवली होती. मागून सीट धरून पळताना तो श्वास न घेता बोलायचा. तो आवाज तिच्या डोक्यातून जात नव्हता. वैताग तिला खातूनबीचा यायचा, रेडिओचा यायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एकदा तिने खालाला सुचवून पाहिलं होतं, की रोज ऐकून जीव जाळण्यापेक्षा रेडिओ बंद ठेवू या. खातूनबी म्हणाली, रेडिओ बंद केला तर गल्ली काय म्हणेल? आईचं काळीज दगडाचं झालं म्हणेल. एरवी म्हातारी हिंडतीफिरती होती. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, भाकरी बांधून, एसटीने लांबच्या दर्ग्यावर लेकासाठी दुआ मागायला जायची. मग पंचशीलाला स्वतःच्या वैतागाचीच लाज वाटायची.

पण आता हे फार झालं होतं. उद्या बातम्या झाल्या की खरं ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. खालाचं काय व्हायचं ते होवो.

त्या दिवशी तिला शिरूर अनंतपाळकडे पाठवलं होतं. तिकडे मोजणारा विरूपाक्ष जुलाबाने पडला होता. पाझर तलावाचं काम चालू होतं. भेगाळलेल्या रानात चौकोनी खड्डे ओळीने पसरले होते, आणि प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मूळच्या जमिनीचा एक खुंट न खोदता उभा सोडलेला होता. खोली त्या खुंटावरून मोजायची, आणि मजुरी त्या मापावर ठरायची. काही मजूर खुंटाच्या डोक्यावर हळूच माती थापून तो उंच करायचे. पंचशीलाला ते लगेच कळायचं. ती माती खरवडायची, शिव्या खायची आणि पुढे जायची.

कडेच्या खड्ड्यात एक जण तोंडाला फडकं बांधून एकटाच खोदत होता. तिने फितीचं दुसरं टोक त्याच्याकडे टाकलं. "धरा."

त्याने ते धरलं, आणि हलेना.

"तानून धरा की. मला अजून बरेच खड्डे मोजायचे हायेत."

त्याने फडकं खाली ओढलं. ऊन डोळ्यांवर होतं, म्हणून पंचशीला दोन पावलं पुढे आली.

"खाजाभाई?"

"हळू बोल," तो म्हणाला. एजंट मुंबईतूनच पळाला, असं त्याने श्वास न घेता सांगितलं. बोटीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. गल्लीने एवढे हार घातलेले, तेव्हा परत कुठल्या तोंडाने येणार? पुढे वहिदाची सोयरीक झाली, मग तर येणं शक्यच नव्हतं.

"आन् खाला? ती तिकडं रोज तुझ्यासाठी रडते."

"अम्मी जुमेरातीलाच येऊन गेली की." तो पहिल्यांदा हसला. "भाकरी घेऊन. उर्दू बातम्या ती आधीच ऐकते. म्हनली, पंचशीला लई गुणाची हाय. माझ्यासाठी रोज लढाई मागं सरकवते."

त्याने फीत ताणून धरली. लांबी तीन मीटर. रुंदी दोन मीटर.

ती खड्ड्यात उतरली. खुंटाच्या डोक्यावर चार बोटं माती थापलेली होती. तिने ती खरवडून काढली आणि फीत लावली.

खोली अडतीस सेंटिमीटर.