झडपेची करकर

"आवाज बठ्ठा, पुरा जावाले पाहिजे, अमीनभाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "बाकीनं काम ऱ्हायनं तरी चाली."

अमीन मिस्त्रीने खिडकीची झडप ओढून पाहिली. ती करकरत आत आली आणि सोडताच तशीच करकरत परत मिटली. चौकट कलली होती, बिजागऱ्या गंजल्या होत्या, खालची पट्टी पाण्याने कुजली होती. सोनगीरच्या त्या गल्लीत सागाच्या खिडक्या आता मोजक्याच उरल्या होत्या. बाकीच्यांनी ॲल्युमिनियम बसवून अमीनच्या पोटावर पाय दिला होता.

खिडकीखालीच खाटेवर तोतारामआबा पडून होते. एकेकाळी गुरांच्या बाजारात त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. गेल्या वर्षी लकवा मारला आणि उजव्या अंगासोबत वाचाही गेली. डाव्या हातात एक सुती दोरी होती. तिचं दुसरं टोक झडपेच्या कडीला बांधलेलं होतं.

"ही दोरी कशाला, अक्का?"

"त्यासले हवा लागस, मंग वढतस. करकर व्हस, आन त्यासनीच झोप मोडस."

तेवढ्यात आबांना खोकल्याची उबळ आली. पुष्पाबाई धावल्या. त्यांनी नवऱ्याला उठवून बसवलं, पाठ चोळली. निळे पडलेले ओठ हळूहळू निवळले.

"कफ दाटस," त्या दम खात म्हणाल्या. "लगेच उठाडं नही ते जीव जाई. रातभर हाईच चालस."

त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. अमीनला बाईची फार दया आली. असं करणारी माणसं आता राहिलीत कुठे, असं त्याच्या मनात आलं, आणि काम चोख करायचं त्याने ठरवलं. तसा तो प्रत्येकच काम चोख करायचा, निदान स्वतः तरी तसंच सांगत फिरायचा.

त्याने झडप उतरवली. कुजलेली पट्टी कापून नवा साग जोडला, पाचर ठोकून चौकट सरळ केली, बिजागऱ्या रॉकेलने घासल्या. झडप पुन्हा बसवून तो तेल सोडायला वाकला, तेव्हा आबांनी एकदम त्याचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आबा खूश झाले वाटतं," अमीन हसून म्हणाला.

"हां," पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आबांचं एकेक बोट सोडवलं.

झडप आता अलगद फिरत होती आणि ठेवाल तिथे थांबत होती. पुष्पाबाईंनी स्वतः दोरी ओढून पाहिली. मग त्या आतल्या खोलीत, आपल्या अंथरुणापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"वढा!" तिथून त्यांनी सांगितलं.

अमीनने दोरी ओढली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "वढी का?"

अमीनची छाती फुगली. "केव्हाच, अक्का!"

झडप नीट बंद करून, रंगाचा हात उद्या मारतो असं सांगून तो धुळ्याला परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा आणि ब्रश घेऊन आला, तर अंगणात माणसं जमलेली. रात्री आबा गेले होते. जळगावहून आलेली सून मोनाली खाटेपाशी रडत बसली होती. पुष्पाबाई भिंतीला टेकून होत्या. पुष्कळ दिवसांनी पुरती झोप झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता.

"तुम्हाला कळलंच नाही का हो, आई?" मोनाली हुंदके देत म्हणाली. "आबांनी दोरी ओढली नाही का? त्यांना तुम्हाला हाक मारता यावी म्हणूनच तर बांधून दिली होती ना! तेवढ्या करकरीने तुम्ही आतून धावत यायचात."

"नही व, पोरी," पुष्पाबाई म्हणाल्या. "वढीच नही."

अमीनने खिडकीकडे पाहिलं. काल जाताना त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेली झडप सताड उघडी होती.