पोटातला कॉम्प्युटर

बाबा दिसेल ते बटण दाबतात, म्हणून मुलाने आपल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांना व्हर्च्युअल मशीन करून दिलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. काय घोळ घालायचा तो तिथे घाला! पण हल्ली ते फारच रडतखडत चालत होतं. मुलाने मेमरी वाढवली, डिस्क झाडूनपुसून साफ केली, तरी ढिम्म. शेवटी नीट आत डोकावला, तर तिथे आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालू!

"बाबा, हे काय?"

"हळू बोल," बाबा स्वयंपाकघराकडे बघत पुटपुटले. "तुझी आई दिसेल ते बटण दाबते रे. तिला वेगळं करून दिलंय."

मुलाने कपाळावर हात मारला आणि आईचं मशीन उघडलं.



आत तिसरं मशीन धापा टाकत होतं. आईने त्याला नाव दिलं होतं, 'सासूबाईंसाठी'.