बर्फाचं पाणी

बापाकडे राहणारी लेक दुपारी जेवायला येणार म्हणून मी सकाळीच लेट्यूसची पानं धुऊन मांडली. पानात आलं-लसणावर परतलेला खिमा भरायचा, सोया सॉस घालून गुंडाळायचं, हा तिचा आवडता बेत. बापानं तिला आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो गाडीतच थांबला. “बाबांचं घड्याळ माहेरी गेलंय वाटतं,” मी म्हणाले. ती हसली. पण पानं मलूल पडली होती. पहिलंच फाटलं, खिमा मांडीवर सांडला. “पानं बर्फाच्या पाण्यात ठेवायची, मग कडक होतात,” ती म्हणाली. पेशींत पाणी शिरलं की पान ताठ होतं, शाळेत विज्ञानाच्या तासाला मी हेच शिकवते. “कुणी सांगितलं गं?” मी विचारलं. “आईनं.” तिनं जीभ चावली. “म्हणजे, मावशीनं.” त्याच्या नव्या बायकोला मावशी म्हणायचं, हे मीच शिकवलं होतं. मी पानं बर्फात बुडवली. खाली हॉर्न वाजला. “येते हं,” म्हणून ती पळाली. पानं नंतर ताठ झाली.