सरावाची सही

पाळणाघराचा परवाना सोमवारपर्यंत मिळाला नाही, तर आईबाप मुलांना दुसरीकडे घालणार होते. म्हणून पाळणाघर चालवणाऱ्या ताई पुन्हा कार्यालयात आल्या, तर सगळ्या खिडक्या बंद. कर्मचारी वरच्या हॉलमध्ये 'तत्पर सेवे'च्या प्रशिक्षणाला गेले होते.

इतक्यात प्रशिक्षक जिन्यावरून डोकावले. "ताई, सरावाला एक नागरिक कमी पडतोय. येता का जरा?"

ताई गेल्या. परवान्याच्या कारकुनाने उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं, त्यांचेच कागद भराभर चाळले. "अहो, यात अडचण काहीच नाही!" म्हणत त्याने सहीसुद्धा केली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ताईंना अगदी भरून आलं.

त्यांनी हात पुढे केला, तेव्हा कारकुनाने खोडरबर काढलं, सही खोडली आणि कागदावर हळूच फुंकर मारली. "पेन्सिलीची होती, ताई. खरीला वेळ लागतो."

"थट्टा लावलीय का माझी? महिनोन् महिने खेटे घालतेय मी!" ताईंचा आवाज चढला.

प्रशिक्षक लगबगीने पुढे आले.


"ताई, उद्याही याच हं. उद्याचा धडा 'संतापलेला नागरिक' आहे, आणि तुमची तयारी फारच छान झालीय."